फांगबाई मोजू देत नाहीत

बाहेर उणे बत्तीस. वारा धरला तर उणे पंचेचाळीस. अशा सकाळी कॅनडातल्या आमच्या रेजिनातली शहाणी माणसं काय करतात? गाडीचं इंजिन गोठू न देणारा ब्लॉक हीटर चालू आहे ना, एवढं बघतात आणि पुन्हा पांघरुणात शिरतात. आणि आमच्या समोरच्या घरातल्या फांगबाई काय करतात? नाचतात. हातात फावडं घेऊन. उजवा पाय डाव्यावरून पुढे, डावा उजव्यावरून पुढे, मग एक मागे, आणखी एक मागे, आणि शेवटच्या पावलाला कमरेला झोका देऊन फावडंभर बर्फ बाजूला. इतरांना ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला वीस मिनिटं लागतात, त्यांना पाऊण तास. आणि साफ झालेल्या भागावर बुटांच्या फुल्याच फुल्या.

पहिल्या हिवाळ्यात मी मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, खिडकीशी ओढत आणलं. म्हटलं, "बघ रे बापा, त्या बाईचं डोकं फिरलंय. कुणाला फोन करायचा का?" तो चहाचा कप हातात धरून निवांत बघत राहिला आणि म्हणाला, "तिची कंबर बघ आणि तुझी बघ. मग कुणासाठी फोन करायचा ते ठरवू." मी नागपूरची. आमच्याकडे असले टोमणे विसरत नाहीत, जपून ठेवतात. तेव्हापासून माझा त्या बाईवर राग होता.

त्याच जानेवारीत मी टपालपेटीपर्यंत निघाले होते. फुटपाथवर काचेसारखा बर्फ. एक, दोन, तीन, असं मनात पावलं मोजत, जीव मुठीत धरून चालले होते आणि सपशेल आडवी झाले. समोरून फांगबाई आल्या. मला वाटलं, हात देतील. त्या माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि वाकून विचारलं, "यू काउंट?"

मी म्हटलं, "काय?"

"वॉकिंग टाइम, यू काउंट? वन, टू, थ्री?"

मी कण्हत म्हटलं, हो, मोजत होते.

"सी!" त्या म्हणाल्या. मग हात दिला.

फांगबाईंच्या मते जगातली निम्मी दुःखं मोजण्यातून येतात. दूध उतू गेलं, कारण तुम्ही मनात काहीतरी मोजत होता. कोपऱ्यावरच्या डेव्हचा घटस्फोट झाला, तर "ही काउंट टू मच." माझं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली आणि फांगबाईंनी सांगितलं की मशीनवरचे आकडे बघू नकोस. असल्या माणसाशी वाद कसा घालायचा, सांगा.

त्यांचं वय साठीच्या आसपास. उत्तर चीनमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या. नवरा इथल्या विद्यापीठात प्रयोगशाळेत होता, तो गेला. मुलगा मिल्टनला, टोरोंटोच्या पलीकडे. त्याला एक मुलगी, ग्रेस. ती हॉकी खेळते. मुलाचा दर रविवारी फोन यायचा आणि तो फोन संपला की फांगबाई समोरच्या पायरीवर येऊन बसायच्या, कितीही थंडी असो. आम्ही तिथे राहायला आलो दोन हजार सात साली. तेव्हा त्या घरात त्या एकट्याच होत्या आणि शनिवारी सकाळी बेसमेंटमध्ये मुलांना यांगगे शिकवायच्या. यांगगे म्हणजे त्यांच्याकडे नवीन वर्षाला गावोगाव निघणारा नाच. ढोल, दोन समोरासमोर रांगा आणि हातात लाल रुमाल. चिनी मुलं त्यांना फांग लाओशी म्हणायची. लाओशी म्हणजे शिक्षक. मी लगेच त्यांच्या फांगबाई केल्या, आपल्या शाळेत होत्या तशा.

माझी मुलगी संघमित्रा, घरात मित्रा, तेव्हा बारा वर्षांची. एकदा ती शाळेच्या बसमधून उतरली आणि बर्फाच्या ढिगावरून उडी मारून आली. फांगबाईंनी रस्ता ओलांडला, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गर्ल फीट गुड. सॅटरडे, टेन." येणार का, आवडेल का, काही नाही. शनिवारी दहाला मित्रा गेली. मीही गेले, कारण परक्याच्या बेसमेंटमध्ये पोरीला एकटी कशी सोडणार?

बेसमेंटमध्ये घर तापवणारा फर्नेस, कपडे धुण्याचं मशीन आणि मधे मोकळी जागा. आरसा नाही. मी विचारलं, नाचाच्या क्लासला आरसा नको का? तर म्हणाल्या, "मिरर, यू सी यू. व्हाय?" मोजायला तर बंदीच. एखाद्या मुलीचे ओठ नुसते हलले तरी त्या गाणं बंद करायच्या. आणि दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न: "हू इन फ्रंट?" समोर कोण आहे? हा नाच समोरच्याकडे बघत करायचा असतो, म्हणून समोर कुणीतरी पाहिजे. आजी असेल, मैत्रीण असेल, मेलेला कुत्रा असेल. प्रत्येक पाऊल त्याच्याकडे बघून टाकायचं. एका मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, "द फर्नेस." बाकीच्या हसल्या. फांगबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरं, मग फर्नेसकडे नीट बघ. तो थकलाय का? तुझ्यावर रागावलाय का? ती बिचारी अख्खा तास फर्नेसच्या तब्येतीचा विचार करत नाचली.

सुरुवातीला सात मुली होत्या. ख्रिसमसपर्यंत चार. एकीला गणिताचा क्लास, एकीला पियानो, एकीच्या आईने स्पष्टच सांगितलं की हा नाच खेड्यातला आहे, त्यापेक्षा बॅले बरं. फेब्रुवारीत उरली एकटी मित्रा. चिनी नाच, चिनी बाई आणि शिकणारी कोण, तर नागपूरच्या गजभियांची पोरगी. दोन रांगा तर आता होतच नव्हत्या, म्हणून फांगबाईच तिच्यासमोर उभ्या राहायच्या आणि पावलं दाखवायच्या.

"हू इन फ्रंट?"

"यू, लाओशी," मित्रा म्हणायची.

"मी नो गुड. फाइंड अदर."

पण मित्राने दुसरं कुणी शोधलं नाही.

एव्हाना माझा राग ओसरला होता. फांगबाई दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. मी पोळ्या लाटत असायचे. एकदा त्यांनी लाटलेली पोळी उचलली, बोटाच्या टोकावर घेतली आणि गरकन फिरवली, तो लाल रुमाल फिरवतात ना, अगदी तशी. पोळी छान गोल गोल मोठी होत गेली, मग सुटली आणि उडून फ्रिजच्या मागे पडली. "वन मोर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वन मोर काय बाई, ती आधी काढा." दोघींनी मिळून फ्रिज ओढला. मागे पोळी होती, मिलिंदचा हरवलेला मोजा होता आणि शेंगदाणे होते. त्या दिवशी फांगबाई पोट धरून हसल्या. इतक्या वर्षांत तेवढंच त्यांचं हसणं मला आठवतं.

मी एकदा त्यांना म्हटलं, आपण तशा एकाच घरच्या. आम्ही बौद्ध, तुमच्याकडेही बुद्ध आमच्याकडूनच गेला. त्यांनी डोकं हलवलं. "आय हॅव नो बुद्धा. स्मॉल टाइम, दे से ऑल ओल्ड थिंग बॅड. आय बिलीव्ह." लहानपणी शिकवलं की जुनं सगळं वाईट, आणि मी ते खरं मानलं. एवढं बोलून त्या उठून गेल्या. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले.

आता मूळ भांडणाकडे येते. मार्चपर्यंत मित्राला सगळा नाच आला होता, फक्त शेवट सोडून. शेवटी दोन रांगा एकमेकींतून पार होतात आणि जागा बदलतात, एवढं बाईंनी सांगितलं होतं. पुढे काय, ते शिकवायची वेळ आली की त्यांचा गुडघा दुखायचा, नाहीतर चुलीवर काहीतरी असायचं. "लेटर, लेटर." मला काय कळायचं ते कळलं. आपल्याकडे गोष्ट नाही का, मांजरीने वाघाला सगळं शिकवलं पण झाडावर चढायचं तेवढं शिकवलं नाही? नातीसाठी राखून ठेवलंय, म्हटलं. परक्याच्या पोरीने बर्फ तुडवत यायचं आणि शेवटचा घास ग्रेसला. जी वर्षात एकदा येते आणि आली की सोफ्यावर बसून फोनशी खेळते!

त्यातच एप्रिल आला. आमच्या मंडळाची जयंती. मंडळ म्हणजे बारा घरं, भाड्याचा हॉल, बुद्धवंदना, भाषणं आणि जेवण. मी मित्राचं नाव दिलं. मेश्राम काका अध्यक्ष. ते म्हणाले, "ताई, जयंतीला चिनी नाच?" मी म्हटलं, "काका, धम्म चीनला गेला तेव्हा त्यांनी म्हटलं होतं का, वर्षाच्या कार्यक्रमात हे बसत नाही म्हणून?" काकांनी यादीत नाव लिहिलं. तोंडाला कुलूप घालणं मला जमत नाही आणि कधीकधी ते उपयोगी पडतं.

मित्रा लाल रुमाल घेऊन उभी राहिली. काय सांगू, पोरगी सुंदर नाचली. समोर कुणी नसताना समोर कुणीतरी आहे असं वाटत होतं. आणि मग नाच संपेना. शेवटच नव्हता ना! दोन पावलं पुढे आली आणि तिथेच थांबली. रेकॉर्डवरचा ढोल आणखी मिनिटभर वाजत होता. ती रुमाल धरून नुसती उभी. लोकांना वाटलं विसरली. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मग उशिरा टाळ्या. पोरीचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी सरळ समोर गेले. फांगबाई पायरीवर बसल्या होत्या, म्हणजे मिल्टनचा फोन होऊन गेला होता. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. माझी पोरगी काल सगळ्यांसमोर लाजली. शिकवायचं नव्हतं तर आधी सांगायचं. नातीसाठी ठेवायचं असेल तर ठेवा, पण तोंडावर बोला. माझं इंग्रजी रागात मराठी होतं, त्यामुळे त्यांना किती कळलं कोण जाणे. पण "ग्रेस" कळलं.

"फॉर ग्रेस?" त्या म्हणाल्या. "नो. आय डोन्ट हॅव."

"व्हॉट यू डोन्ट हॅव?"

"लास्ट. आय डोन्ट हॅव लास्ट."

आणि मग त्या बोलल्या. तुटक तुटक, मधेच चिनीत, मधेच हात दाखवून. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

त्यांच्या गावात हा नाच पंधरा दिवस चालायचा. मोठ्या मुलींची रांग पूर्वेला, धाकट्यांची पश्चिमेला. दोन्ही रांगांची पावलं वेगळी आणि प्रत्येकीला फक्त स्वतःच्या रांगेची शिकवायचे. दुसरी बाजू कुणीही शिकवायचं नाही. ती बघून घ्यायची. चौदा दिवस समोरचीकडे बघत नाचायचं आणि पंधराव्या दिवशी रांगा पार होऊन जागा बदलल्या की जे बघितलं ते करायचं. तोच नाचाचा शेवट. फांगबाई तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या समोर त्यांची सोळा वर्षांची बहीण, शाओलान. गावात तिच्यासारखी नाचणारी नव्हती. आणि फांगबाई पहिल्यांदाच रांगेत. चुकू नये म्हणून चौदा दिवस त्या खाली मान घालून, स्वतःच्या पायांकडे बघत मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार.

"आय थिंक, लास्ट डे आय लुक."

पंधराव्या दिवशी सकाळी वरून सरकारी माणसं आली. जुनं सगळं बंद. ढोल उचलून नेले. रांगा पार झाल्याच नाहीत. पुढच्या वर्षी शाओलानला दूर उत्तरेकडे शेतकामाला पाठवलं. तिथे ताप आला. तिचं बोचकं परत आलं, ती आली नाही.

"पण नंतर?" मी विचारलं. "गावात कुणाला तरी माहीत असेल ना?"

नंतर, खूप वर्षांनी, नाच पुन्हा सुरू झाला. शहरातून शिक्षक आले आणि त्यांनी नवीनच बसवून दिला, एक-दोन-तीन-चार मोजून. शाओलानच्या रांगेतल्या मुली कुठे कुठे लग्न होऊन गेल्या होत्या, काही गेल्याच होत्या. फांगबाई तीन गावं फिरल्या. एकीला आठवत होतं, पण तिला चालता येत नव्हतं आणि सांगता येत नव्हतं.

"फोर्टीन डे," त्या म्हणाल्या. "माय सिस्टर इन फ्रंट. आय नॉट सी." त्या रडल्या नाहीत. मीच रडले. "आय डाय, माय हाफ मित्रा हॅव. हर हाफ, नोबडी हॅव."

भांडायला आले होते. त्यांचा हात धरून बसले. बाहेर वितळलेल्या बर्फाचं पाणी गटारात चाललं होतं आणि मला खूप लाज वाटत होती.

घरी येऊन मी मित्राला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सो समवन हॅज टू हॅव वॉच्ड द अदर पर्सन."

"हो. आणि तिने बघितलंच नाही."

"बट आय डिड," मित्रा म्हणाली.

मला कळायला वेळ लागला. हिवाळाभर तिच्यासमोर कोण उभं होतं? फांगबाई. दर शनिवारी सांगूनही तिने दुसरं कुणी शोधलं नव्हतं. शनिवारी ती गेली, ढोल लावला आणि शेवट आला तेव्हा बाईंना म्हणाली, चला, पार व्हा. दोघी एकमेकींजवळून गेल्या, जागा बदलल्या. आणि मित्राने जे बघितलं होतं ते केलं. हात असा कमरेवर, मान किंचित डावीकडे, आणि उजवं पाऊल टाकताना अगदी थोडं थांबून, मग टाकायचं. मी कोपऱ्यात उभी होते. मला दिसत होतं की हा फांगबाईंचा दुखरा गुडघा आहे. ही दुसरी-तिसरी कुणी नाही, ही साठीतली फांगबाई आहे.

फांगबाई जागच्या जागी उभ्या. तोंडावर हात. मला वाटलं, चुकलं, आता चिडतील.

"अगेन," त्या म्हणाल्या.

मित्राने पुन्हा केलं.

"शाओलान," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, घाईघाईने, कुणी आपलं खोटं ठरवेल या भीतीने सांगावं तशा, "यस. यस. शी स्टॉप लिटल. राइट फूट. शी स्टॉप लिटल, लाइक धिस."

त्या दिवसापासून उलटं झालं. मित्रा शिकवायची आणि फांगबाई शिकायच्या. एकही पाऊल त्यांनी सुधारलं नाही. गुडघ्याला पट्टा बांधून जूनभर, जुलैभर त्या तेवढंच घोकत होत्या. जिथे त्यांचा स्वतःचा गुडघा थांबायचा तिथेच थांबायचं त्या माझ्या पोरीकडून शिकत होत्या. मी बघायचे आणि मला हसू येत नसे.

ऑगस्टमध्ये मुलगा आला. घर विकलं, आईला मिल्टनला न्यायचं ठरलं. तिथे घराजवळ दुकान नाही, गाडीशिवाय हलता येत नाही, आणि मुलगा-सून सकाळी सहाच्या गाडीने टोरोंटोला जातात. फांगबाईंना कुणी विचारलं होतं असं मला वाटत नाही. सोबत ग्रेस आली होती. उंच, दातांना तारा, वाईट नव्हती पोरगी. सामान भरून झालं आणि रिकाम्या बेसमेंटमध्ये फांगबाईंनी मित्राला शेवटचं नाचायला बोलावलं. ग्रेस जिन्यात बसली होती. अर्ध्या नाचात तिने फोन खिशातून काढला. मला वाटलं, झालं, लागली खेळायला. पण तिने तो समोर धरला आणि रेकॉर्ड करत राहिली, हात न हलवता, अगदी शेवटपर्यंत. दोघी पार झाल्या, जागा बदलल्या, थांबल्या.

"नाइनाइ," ग्रेस म्हणाली. नाइनाइ म्हणजे आजी. "हू टॉट यू द लास्ट पार्ट? इट्स सो डिफरंट."

फांगबाईंनी श्वास घेतला. मी मित्राकडे बघितलं. आता नाव घेतील, म्हटलं. एवढा फोन चालू आहे, राहील ते कायमचं.

"माय सिस्टर," त्या म्हणाल्या. "शाओलान. सिक्स्टीन इयर ओल्ड. शी इन फ्रंट, आय वॉच हर. फोर्टीन डे, एव्हरी डे, आय ओन्ली वॉच हर."

चेहऱ्यावर खोटं बोलल्याची खूण नाही. शांत, धुतल्यासारखा चेहरा होता त्यांचा. ग्रेसने विचारलं, कशी होती ती? आणि फांगबाई सांगायला लागल्या. मान कशी डावीकडे ठेवायची, पाऊल कसं अडखळायचं. सगळं माझ्या पोरीने केलेलं.

माझं डोकं भणभणलं. दोघींना मिठ्या मारून, पत्ते लिहून घेऊन आम्ही बाहेर पडलो. रस्ता ओलांडायच्या आधीच मी तोंड उघडलं. "अगं, ते तर तू केलंस! पावलापावलाने तू शिकवलंस त्यांना! एकदा तरी नाव घ्यायचं की नाही? थांब, मी जाते आणि त्या ग्रेसला—"

मित्राने माझी बाही धरली.

"राहू दे ना, आई," ती म्हणाली. "लाओशीला तिची बहीण दिसली."